देविदासची खिंड

देविदास, तुझा फ्लेक्स आज सकाळी मी स्वतःच्या हातानं उतरवला. रागावू नको. फोटोत तू गॉगल लावून हसत होतास. तो गॉगल तुझा नव्हता, फ्लेक्सवाल्यानं वरून चढवला होता, आणि त्यात तू नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसत होतास. केवढा होता म्हणशील? नागपुरातल्या आख्ख्या नंदनवन वस्तीएवढा. एक दोरी सोडली तर वाऱ्यानं त्याचं शीड झालं आणि मी लटकत लटकत कामठीपर्यंत जाऊन आलो.

आता इथं तू असतास तर बाजूच्याला कोपर मारून सांगितलं असतंस, "बबन्या हत्ती म्हणाला की आपण म्हैस समजायची. म्हैस म्हणाला की बकरी." बरं, बकरी. फ्लेक्स दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढा होता. पण त्याच्या मागे एक आख्खी सिटी बस लपत होती, आणि हे जसं होतं तसं सांगतोय. मला हे असं मुद्दाम सांगावं लागतं, हा तुझ्या जाण्यानं झालेला पहिला तोटा. माझं बोलणं गाळून गल्लीला देणारी चाळणीच गेली. आता हत्ती सुटले आहेत आणि ओळखणारा कोणी नाही.

ती खिंड तूच केलीस. आपली गल्ली रस्त्याच्या या अंगाला, तुझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बरोबर समोर त्या अंगाला, मधे दुभाजक. पलीकडे जायचं तर पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून यायचं. समोर दिसणाऱ्या दुकानासाठी एवढी प्रदक्षिणा घालताना तुझ्या जिवाचा संताप व्हायचा. मग पाइपलाइनच्या कामाला ठेकेदार आला, त्यानं दुभाजकाचे सिमेंटचे ठोकळे बाजूला सरकवले, आणि काम झाल्यावर ते तसेच टाकून निघून गेला. दुसरा कोणी असता तर तक्रार केली असती. तू नारळ आणलास.

आठवतं तुला? गल्लीतल्या बायांनी त्या भोकाला हळदकुंकू वाहिलं. पेढे वाटले. त्या वर्षी गणपतीची मिरवणूक पहिल्यांदाच तिथून गेली, आणि ताशाच्या गजरात कोणीतरी ओरडलं, "देविदासची खिंड." तेव्हापासून रिक्षावाल्यांनाही तोच पत्ता. महापालिकेची माणसं येऊन ठोकळे परत लावून जात, आणि त्यांची गाडी वळली न वळली की गल्ली हातभार लावून ते पुन्हा सरकवत असे. तू कमरेवर हात ठेवून देखरेख करायचास. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तुला आशीर्वाद दिले. मी एकटा तेवढा चौकातून फिरून यायचो. मी सांगत फिरायचो की चौकातला समोसेवाला माझा चेहरा पाहिल्याशिवाय कढई चढवत नाही. तू ओळखलं होतंस.

"बबन्या, तुले भेव वाटते असं सांग ना सरळ."

"हाव, वाटते."

"मग जा चौकातून. समोसा खा."

आपला वाद इथून सुरू झाला तो संपलाच नाही. मी तुला म्हणालो होतो, रस्ता डांबरी होता, खड्ड्यांचा होता, तोवर कोणी कोणाला काही करू शकत नव्हतं. सिमेंटचा झाला, रुंद झाला, आणि गाड्यांना पंख फुटले. माझं आयुष्य इतवारीत भांडी विकण्यात गेलं. तिथल्या बोळात हातगाडी, टेंपो, डोक्यावर तपेली घेतलेला हमाल, सगळे एकमेकांच्या अंगावरूनच जातात. शिव्या रोज, खरचटणं रोज, पण कोणाला मरायला वेगच मिळत नाही. इथं शिव्या नाहीत. इथं माणसं भली आहेत, आणि मला भीती त्या भल्या माणसांचीच वाटायची. एकजण थांबतो, हात करतो, या म्हणतो. त्याच्या मागून येणाऱ्याला वाटतं, हा का थांबला बुवा, आणि तो बाजूनं काढतो. एक थांबतो, दुसरा थांबत नाही. पानठेल्यावर उभा राहून मी हे किती वेळा पाहिलं. एकदा कॉलेजची पोरगी वाचली, एकदा दूधवाला वाचला, त्याचं दूध वाचलं नाही, रस्ता पांढराफेक झाला होता.

"दुधाचा पूर आला होता म्हणे," तू कुंदा वहिनींना सांगितलंस. "त्यात दोन म्हशी वाहून गेल्या, असं बबन म्हणून राहिला."

मी म्हशींचं नावही काढलं नव्हतं. वहिनी हसल्या, तू हसलास, मीही हसलो. आपलं हे असंच चालायचं. तुझ्या स्कूटरच्या हुकला लटकणाऱ्या हेल्मेटवर बोट ठेवलं तर तू म्हणायचास, "रस्ता वलांडाले कोणी हेल्मेट घालते काय बे? उद्या म्हणशील, संडासात जाताना छत्री ने." उमरेडला जाताना मात्र तू पट्टा आवळून हेल्मेट घालायचास. तुझ्या हिशेबानं मरण लांबच्या रस्त्यावर राहत होतं. घरासमोर त्याचं काय काम?

त्या दुपारी ऊन असं होतं की पानठेल्यावरचा कात आपोआप शिजत होता. तू दुकान अर्धं ओढून जेवायला निघालास. स्कूटर चालू केलीस. सिटी बस थांबली. चालक भला माणूस, त्यानं काचेतून हात केला, या. तूही त्याला हात केलास. तुझी ती सवय, उपकार कोणाचा ठेवायचा नाही. बसच्या तोंडासमोरून तू पुढे सरकलास, खिंडीच्या तोंडाशी आलास, आणि बसच्या उजव्या अंगानं मोटरसायकल आली. त्या पोट्ट्याला तू दिसला नाहीस. तुला तो दिसला नाही. बसवाल्याला दोघंही दिसले, आरशात, उशिरा.

आवाज मोठा नव्हता. मला वाटायचं अशा वेळी आभाळ फाटत असेल. तांब्या ओट्यावरून पडतो तसा आवाज झाला. मी धावलो. हेल्मेट हुकला तसंच होतं, त्याच्यावर ओरखडा नव्हता. ते अजून माझ्याकडे आहे. घरात कुठं ठेवावं कळत नाही, जिथं ठेवतो तिथून माझ्याकडे पाहतं.

धंतोलीच्या त्या दवाखान्यात तू आत होतास, काचेपलीकडे, आणि आम्ही बाहेर बाकड्यावर. कोण काटोलचे, कोण वर्ध्याचे, कोण पुसदहून आलेले. डबे, चादरी, चार्जरसाठी भांडणं. वेळ जाईना तेव्हा माणसं आपापल्या माणसाची गोष्ट सांगू लागली. गोष्टींवरच माझी हयात गेली, म्हटलं ऐकूया. काटोलच्या बाई म्हणाल्या, "इथंच तर गेले होते, दळण आणाले." वर्ध्याचा जावई म्हणाला, "रोजचाच रस्ता हो, डोळे झाकून जात." कोणाची सून मागे एका अंगानं बसली होती आणि पदर चाकात गेला. कोणाचा भाऊ उलट्या बाजूनं पेट्रोल पंपावर चालला होता, कारण वळण दूर होतं. कोणी फोन खांद्यात दाबून बोलत होता, बायकोला हेच सांगायला, की पोहोचलोच. हेल्मेट कोणाचं हुकला, कोणाचं घरी कपाटावर, कोणाचं डोक्यावर पण पट्टा उघडा, कारण उन्हासाठी खाली दुपट्टा बांधलेला.

देविदास, प्रत्येकाचं गाव वेगळं, जात वेगळी, गाडी वेगळी, आणि गोष्ट एकच. इथंच, जवळच, दोन मिनिटांचं काम. तिथं मला वाढवायला जागाच नव्हती. पाळी माझ्यावर आली, काटोलच्या बाईंनी विचारलं, "तुमचं काय झालं जी?" मी म्हणालो, "घरासमोर." त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारलंसुद्धा नाही. त्यांना सगळी गोष्ट कळली होती.

मग तू गेलास. त्यावर मी काही लिहिणार नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी वहिनींनी दुकानाच्या किल्ल्या काढल्या. लोकांची मशिनं आत पडली होती, बायांचे निरोप येत होते. तुझ्याजवळ बसून बसून वहिनी तेल-पट्टा, सुई-दोऱ्याची कामं शिकल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, चौकातून जा." त्या म्हणाल्या, "अवं, सगळी गल्ली इथूनच जाते भाऊजी, मी एकटीच कायले जाऊ तिकून?" डब्याची पिशवी खांद्याला लावून त्या पायी खिंडीतून जायच्या. सकाळी जाताना मी खिडकीत. दुपारी जेवायला येताना खिडकीत. माझी बायको म्हणाली, तुमच्या हाताचे गजावर वळ उठले आहेत. वहिनी पलीकडे पोहोचून शटर वर ढकलायच्या, तो खडखडाट ऐकू आला की मी श्वास सोडायचो. कधी कधी खडखडाट यायला उशीर व्हायचा. कुलूप अडकायचं एवढंच. पण तेवढ्यात मी पुन्हा धंतोलीच्या बाकड्यावर जाऊन बसलेला असायचो.

आणि गल्लीनं काय ठरवलं असेल? गणेश मंडळाच्या शेडमध्ये बैठक झाली. तुझं स्मारक करायचं. खिंडीच्या कडेला तुझ्या नावाची पाटी, आणि ती तयार होईस्तोवर फ्लेक्स. मी उभा राहिलो. म्हटलं, स्मारक करायचं तर खिंड बुजवा. देविदास तिथं गेला, आणखी जाईल. मग मी सांगितलं, एक थांबतो आणि दुसरा थांबत नाही. कॉलेजची पोरगी सांगितली, दूधवाला सांगितला, तू सांगितलास. देवाशपथ, काही वाढवलं नाही. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका बारीक निघत होता.

मागून कोणीतरी म्हणालं, "काका, त्या दूधवाल्याच्या म्हशी सापडल्या काय मग?"

सगळे हसले. दुष्टपणानं नाही. तुझी आठवण काढून हसले, कारण ती म्हशींची गोष्ट तुझी होती, आणि दोघांनी तर डोळेही पुसले. काय करावं सांग. मी खाली बसलो. फ्लेक्स लागला. दुभाजकावर, खिंडीला अगदी चिकटून, तू गॉगल लावून हसत होतास, आणि ज्या बाजूनं गाड्या येतात नेमकी तीच बाजू तुझ्या खांद्यामागे लपली. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली सगळ्या गल्लीची नावं, माझंही.

त्यानंतरचं ऐक. सकाळची वेळ. वहिनी खिंडीत उभ्या राहिल्या, तुझ्या फोटोजवळ. एक टेंपोवाला थांबला. फोटो पाहून थांबला असेल, बाई पाहून थांबला असेल, भला माणूस. त्यानं हात केला. वहिनींनी पाऊल टाकलं. मी खिडकीतून ओरडलो, पण माझं ओरडणं गल्लीत कोण मनावर घेणार? टेंपो आणि दुभाजक यांच्या फटीतून मोटरसायकल आली. वहिनींच्या हातातली पिशवी गेली. पिशवीच फक्त. डबा फुटबॉलसारखा उडाला, वरण फ्लेक्सवर, तुझ्या गॉगलवर. वहिनी मागे पडल्या त्या तुझ्या फोटोच्या अंगावर, आणि दोऱ्यांनी त्यांना धरलं.

मी पोहोचलो तेव्हा त्या तिथंच बसून फोटो पदरानं पुसत होत्या. म्हणाल्या, "याईले उतरवा भाऊजी. यांच्या मागून काहीच दिसत नाही."

मी लगेच मंडळाच्या पोरांकडे गेलो. ते म्हणाले, मासिक श्राद्ध व्हायच्या आधी कसा उतरवणार, लोक काय म्हणतील, वहिनी घाबरल्या आहेत म्हणून बोलतात. खरं बोलून झालं होतं. खऱ्याला या गल्लीत माझ्या तोंडून भाव नाही, तो तूच उतरवून ठेवलास. मग मी काय करणार? ज्या मालाचं माझं दुकान आहे, तोच माल काढला.

पानठेल्यावर गेलो. पान सांगितलं, आणि ते न खाता हातात धरून उभा राहिलो. पानवाल्यानं विचारलं, "काहून, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही गा." अर्धी गोष्ट तिथंच झाली होती. मग सांगितलं. देविदास उभा राहते. फ्लेक्सच्या मागे. पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. खिंडीतून कोणी गाडी घातली की हँडल धरते. वहिनींना त्यानंच मागे ओढलं, नाही तर बाई वाचली असती काय? आणि म्हणते, "चौकातून जा बे." आवाज अगदी त्याचा.

यातलं एक अक्षर कोणी गाळलं नाही. ज्यांनी दूधवाल्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांनी तुझ्या शर्टाच्या बटणांपर्यंत सगळं मानलं. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट माझ्याकडे परत आली तेव्हा तुला उंची चढली होती आणि तू रिक्षा उचलून बाजूला ठेवू लागला होतास. मंडळातला जो पोरगा म्हशींवरून हसला होता, त्याच्या स्कूटरचं हँडल म्हणे खरंच जड झालं. रामटेके सर तेवढे ठाम. सर बौद्ध, जन्मभर विज्ञान शिकवलेलं, भुताखेताचं नाव काढलं की चश्मा काढून पुसायला लागतात. म्हणाले, "बबनराव, भूत-बित काही नसते. हा मूर्खपणा आहे." मी म्हणालो, बरोबर आहे सर. दुसऱ्या दिवशी सर मला चौकात भेटले, समोसेवाल्यापाशी, भाजीची पिशवी घेऊन. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी भूत मानत नाही. पण इकडून चाललं तर व्यायाम होते."

खिंड ओस पडली. मासिकाची वाट न पाहता मंडळाची पोरंच आली, "काका, फ्लेक्स तुम्हीच काढा. तुमची अन् त्यांची दोस्ती होती, तुमाले काही करणार नाहीत." म्हणून आज सकाळी मी काढला. एकट्यानं. आणि देविदास, तुला सांगतो, शेवटची दोरी सोडताना मागे पाहायचं माझं धाडस होईना. ती गोष्ट माझीच होती, हातात पान धरून मीच जुळवली होती, तरी मानेवर थंड काटा आला. मी डोळे मिटूनच गुंडाळी केली. मागून एक गाडी गेली, तिचा वारा लागला, आणि मी तुझी माफी मागितली. मोठ्यानं. तुला भूत केलं म्हणून. दुसरं काही करता येत नव्हतं रे.

गुंडाळी घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी ती उलगडली, गॉगलवरचा वरणाचा डाग नखानं खरवडून पाहिला, पुन्हा घडी घातली. चहा दिला. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते उभे राहतात म्हणते सगळी गल्ली."

आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली की माझ्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला आहे. ही बाई उद्या खिंडीत जाऊन उभी राहील, तुला पाहायला, गाड्यांच्या मधोमध. मी म्हणालो, "वहिनी, खोटं आहे. मी रचलं."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी चौकातूनच जाऊन राहिली." मग आपली कपबशी उचलताना, "तुम्ही हत्ती म्हटलं की म्हैस समजायची, हे त्यायनं मले लग्नानंतर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. भूत म्हटलं तर काय समजायचं?"

याचं उत्तर तू द्यायचं होतंस. मी कप तसाच ठेवून उठलो.

ठोकळे अजून बाजूलाच पडले आहेत. ते उचलायला गल्लीचे हात लागतात, आणि गल्ली आता त्यांना हात लावायला घाबरते. हेही मी विचारात घ्यायला हवं होतं. शिवाय कोपऱ्यावरच्या घरात नवीन भाडेकरू येतायत, त्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही. भूत किती टिकतं, देविदास? तुझ्या ओळखीची माणसं आहेत तोवर. त्यांची पोरं मोठी होऊन गाड्या घेतील, त्यांना मी दर वर्षी तुला थोडा उंच करून सांगीन, पण मी तरी किती पुरणार?

वहिनींच्या घरून निघून खिडकीत येऊन बसलो तेव्हा पलीकडून एक स्कूटरवाला खिंडीकडे वळला. हेल्मेट हुकला. एक बस त्याच्यासाठी थांबली, चालकानं हात केला. तो माणूस थबकला, मोकळ्या खिंडीकडे पाहिलं, हात जोडले, आणि गाडी फिरवून चौकाकडे गेला.

मी त्याला ओळखत नव्हतो. इथं खिडकीत माझेही हात जोडले गेले होते, आणि पुन्हा खिंडीकडे पाहायला मान काही वळेना.